चिंध्या, जुने टायर आणि प्रचाराचे फलक : रानहंसांना भुलवण्याची स्वस्त परंपरा

अमेरिकेत नोव्हेंबरच्या सुरुवातीला मतदान उरकतं आणि रस्त्याकडेला रोवलेले प्रचाराचे फलक एका रात्रीत निरुपयोगी होतात. पन्हळी प्लॅस्टिकचे, पावसाला न जुमानणारे हे फलक काही शिकारी रीतसर मागून घेऊन जातात. त्यांवर हंसाची आकृती आखायची, धारदार कटरने कापायची, काळा-करडा मॅट रंग मारायचा आणि कापणी झालेल्या मक्याच्या शेतात त्या रोवायच्या. वरून जाणाऱ्या कॅनडा गूज या रानहंसांच्या थव्याला खाली आपलेच भाईबंद चरताहेत असं वाटलं की काम झालं. बाजारात पिसांपर्यंत कोरलेल्या, भरीव दिसणाऱ्या नकली हंसांच्या एका डझनाला २०० ते ४०० डॉलर सहज पडतात, आणि एका शेताला असे कित्येक डझन लागतात. मग फलक कापणं आलंच.

भारतात वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे अशी शिकार बंद आहे, त्यामुळे हा सगळा खटाटोप आपल्याला परका वाटतो. पण पिंजऱ्यातला पाळीव तित्तिर आरवायला लावून रानातले तित्तिर फाशात ओढायची युक्ती आपल्याकडच्या फासेपारध्यांना चांगली ठाऊक होती. अमेरिकेतली गोष्टही एका वळणावर जिवंत पक्ष्यांपाशीच येते. त्याआधीची सुरुवात मात्र गवतापासून आहे.

१९२४ साली नेवाडा राज्यातल्या लव्हलॉक गुहेत उत्खनन चालू असताना जमिनीखाली पुरून ठेवलेली ११ नकली बदकं सापडली. पाणथळीत उगवणाऱ्या उंच गवताची जुडी वाकवून डोकं केलेलं, देठ घट्ट बांधून अंग केलेलं, वर काळा आणि तांबूस रंग, कुशीला पांढरी पिसं खोचलेली. कॅनव्हासबॅक जातीचं बदक आहे हे आजही बघताक्षणी ओळखता येतं. वय सुमारे २,००० वर्षं. सामान सगळं तळ्याकाठचं, म्हणजे फुकटच. उत्तरेला कॅनडात जेम्स बे या उपसागराच्या किनाऱ्यावर क्री या आदिवासी लोकांनीही तेच केलं: चिखलाचे गोळे मांडून त्यांत मारलेल्या हंसांचे पंख खोचायचे, किंवा टॅमरॅक झाडाच्या बारीक डहाळ्या बांधून हंस घडवायचा. डहाळ्यांचे हे हंस आता हस्तकलेच्या दुकानांत विकले जातात. हंसांची शिकार मात्र अजून घराघरांतली आहे, इतकी की मे महिन्यात क्री वस्त्यांमधल्या शाळांना त्यासाठी सुट्टी असते.

गोऱ्या वसाहतवाल्यांनी नकली पक्षी तिथल्या मूळ रहिवाशांकडूनच उचलला, फक्त तो लाकडात कोरला. एकोणिसाव्या शतकात रेल्वे आली, शहरांतल्या हॉटेलांना बदकं आणि हंस पोत्यांनी जाऊ लागले आणि शिकार हा धंदा झाला. धंद्यात नेम चुकून चालत नाही, म्हणून जिवंत पक्षी आले. मॅसॅच्युसेट्समध्ये तळ्याकाठी ‘स्टँड’ असत, म्हणजे झाडोऱ्यात लपवलेली मचाणवजा शिकारघरं. पाळलेल्या हंसांचे आईबाप काठावर पायाला दोरी बांधून ठेवायचे आणि पिल्लं मागच्या टेकडीवरच्या खुराड्यात. रानहंसांचा थवा दिसला की खुराड्याची दारं उघडायची. पिल्लं उडून वर जायची, आईबापांच्या हाका ऐकून खाली वळायची, आणि त्यांच्या मागोमाग अख्खा रानथवा. क्रूर आहे, पण पक्ष्यांच्या कुटुंबव्यवस्थेचा एवढा बारीक अभ्यास त्या काळच्या पुस्तकी पंडितांनी केला असेल का, शंका आहे. सोबतीला लाकडी पट्ट्यांच्या सांगाड्यावर कॅन्व्हास ताणलेले मोठाले हंस तिकोनी तराफ्यावर तीन-तीनच्या टोळीने तरंगत ठेवायचे. लांबून थव्याची नजर खेचायला.

हे संपलं ते १९३५ साली. त्याआधी बाजारी शिकारीवर १९०० चा लेसी कायदा आणि १९१८ चा स्थलांतरी पक्ष्यांचा कायदा आलाच होता. पण तिशीच्या दशकात मैदानी प्रदेशात अवर्षण पडलं, तळी आटली, पाणपक्ष्यांची संख्या घसरली. तेव्हा केंद्र सरकारने जिवंत भुलवे पक्षी आणि दाणे टाकून पक्षी ओढणं, दोन्हीवर बंदी घातली. आजच्या स्वस्त डिकॉयचा, म्हणजे भुलवायच्या नकली पक्ष्याचा, खरा जन्म मी या बंदीत मानतो. कारण हाक मारणारा, हलणारा पक्षी काढून घेतल्यावर शिकाऱ्याकडे उरली ती फक्त संख्या. एक जिवंत हंस जे काम करत होता त्यासाठी आता पन्नास निर्जीव हंस हवे होते, आणि तेही मंदीच्या काळात.

मग हाताला लागेल ते वापरलं गेलं. प्लायवूडच्या सपाट आकृत्या, कागदाच्या लगद्याचे साच्यातले हंस, आणि पुढे गाड्यांचे झिजलेले टायर. टायरचा तुकडा कापून पालथा घातला की हंसाच्या पाठीची गोलाई आपसूक मिळते, रंगही निम्मा तयारच. पुढे फळीची मान आणि डोकं ठोकायचं. आपल्याकडे टायरच्या चपला करणाऱ्याला हे बघून नवल वाटणार नाही. हा हंस कुजत नाही, वाऱ्याने पडत नाही, चोरीला जात नाही. एकच दोष: डझनभर उचलून चिखलातून शेतात न्यायचे म्हणजे कंबरडं मोडतं.

खरी कमाल केली टेक्सासने. ह्यूस्टनच्या पश्चिमेला आखाती किनाऱ्याजवळच्या भातशेतीत हिवाळ्यात स्नो गूज हजारोंनी उतरायचे. हा पक्षी पांढरा आणि दाटीवाटीने चरणारा. तिथल्या शिकाऱ्यांच्या लक्षात आलं की उंचावरून त्याला हंसाचा आकार दिसत नाही, पांढरेपणा आणि गर्दी दिसते. त्यांनी भाताच्या सडांवर वर्तमानपत्रं पसरली, बाळांची कापडी लंगोटं अडकवली, पुढे टेबलावर अंथरायच्या पांढऱ्या प्लॅस्टिकचे गठ्ठे आणून चौकोनी तुकडे केले. तुकडा सडावर टाकायचा, एका कोपऱ्याला पीळ देऊन मान काढायची, पुढे सरकायचं. पहाटेच्या अंधारात, दवाने भिजलेल्या शेतात अशा शेकडो चिंध्या पसरून शिकारी स्वतः पांढरा अंगरखा घालून त्यांच्यातच उताणा पडायचा. लपायला आडोसाही नको. एका हंसामागचा खर्च काही पैसे.

चिंध्यांना हालचाल नव्हती. ती आणली टायवेकने. ड्यूपाँट कंपनीने १९६७ पासून बाजारात आणलेलं हे पांढरं, न फाटणारं कापडवजा साहित्य घरं बांधताना भिंतींना गुंडाळतात. त्याची पिशवी शिवून तोंड उघडं ठेवलं आणि काठीवर लावलं की वाऱ्याने फुगते, डोलते. वारा पडला की मात्र सगळा थवा माना टाकून लोंबकळतो, आणि वर घिरट्या घालणाऱ्या म्हाताऱ्या हंसांना लगेच संशय येतो.

यानंतर गरज वाढवली ती दोन गोष्टींनी. १९९१ पासून अमेरिकेत पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाच्या छऱ्यांवर पूर्ण बंदी आली, कारण चिखलात पडलेलं शिसं पक्ष्यांच्या पोटात जाऊन विषबाधा होत होती. पोलादी छरे हलके, लांबवर त्यांचा जोर ओसरतो. म्हणजे पक्षी आणखी जवळ यायला हवा, आणि जवळून त्याला फसवायला मांडणी आणखी चांगली हवी. दुसरं, हंसच वाढले. ज्या मोठ्या जातीचा कॅनडा गूज नामशेष झाला असं धरलं होतं, तो १९६२ मध्ये मिनेसोटातल्या रॉचेस्टर शहरात तळ्यावर निवांत हिवाळा काढताना ओळखला गेला. आज न्यू जर्सीतल्या आपल्या मंडळींना ऑफिसच्या हिरवळीवर पाऊल ठेवू न देणारे हंस बहुतांशी असेच, स्थलांतर विसरलेले. १९३५ नंतर बिनकामाच्या झालेल्या पाळीव भुलव्यांची वंशावळही त्यांच्यात मिसळलेली आहे.

स्नो गूजचं तर अतीच झालं. दक्षिणेच्या शेतांतला सांडलेला दाणा खाऊन त्यांची संख्या इतकी फुगली की हडसन उपसागराकाठची दलदल ते मुळासकट उकरू लागले. उघड्या पडलेल्या जमिनीतलं पाणी उडून वर मीठ साचतं आणि तिथे पुन्हा गवत धरत नाही. म्हणून १९९९ पासून नेहमीचा हंगाम संपल्यावरही त्यांच्या शिकारीला खास सवलत मिळाली. ध्वनिमुद्रित हाकाही चालू लागल्या. हजार-हजार डिकॉयची मांडणी तेव्हापासून सर्रास दिसते, आणि हजार हंस दुकानातून विकत घेणारा विरळा.

याच परंपरेतला एक उलटा प्रकार सांगायला हवा. मॅसॅच्युसेट्समधल्या वेनहॅम तळ्यावर एका स्टँडची देखरेख करणारे एल्मर क्रोवेल तिथे वापरायला नकली पक्षी कोरत. त्यांनी कोरलेला एक झोपलेला कॅनडा गूज २००७ मध्ये ११ लाख ३० हजार डॉलरना विकला गेला. तो आता कुणी चिखलात नेणार नाही.

फलकांच्या हंसांकडे परत यायचं तर त्यांत एक खुबी आहे. सपाट आकृती समोरून हंस दिसते, कडेवरून नाहीशी होते. म्हणून त्या सगळ्या एका दिशेने न रोवता वेगवेगळ्या कोनांत रोवतात. थवा घिरटी घालतो तसे काही हंस दिसेनासे होतात, काही उगवतात, आणि फुकटात हालचाल मिळते. पन्हळी उभ्या येतील असं कापलं तर फलकाचीच तार पन्हळीत घुसवून पाय होतो. रंग चमकता कामा नये, ऊन पडलं की प्लॅस्टिकची चकाकी दुरूनच घात करते. हंस वाऱ्याला तोंड देऊन उतरतात, तेव्हा वारा जिकडे वाहतो त्या बाजूला मांडणीत मोकळी जागा सोडतात. हात आखडून खर्च करणारा अनुभवी शिकारी भरीव हंस घेतोच, पण डझनभर, आणि ते या मोकळ्या जागेच्या काठाला लावतो, कारण उतरणारा पक्षी शेवटच्या क्षणी तिथेच निरखून बघतो. मागची गर्दी फलकांची आणि चिंध्यांची.