संगणकातला ट्रोजन: फाइल पुसली तरी पुन्हा हजर

डिसेंबर १९८९ मध्ये सुमारे २०,००० फ्लॉपी टपालाने अनेकांच्या घरी आणि कार्यालयांत पोहोचल्या. त्यांत एड्सविषयी माहिती देणारा प्रोग्रॅम होता आणि तो खरोखरच चालत असे. प्रश्न विचारून संसर्गाचा धोका कितपत आहे हेही सांगत असे. मात्र संगणक सुरू होताना आपोआप वाचली जाणारी ‘ऑटोएक्झेक’ ही फाइल त्याने गुपचूप बदललेली असे, आणि संगणक किती वेळा सुरू झाला याची मोजदाद तो तिच्या आधारे ठेवी. हा आकडा ९० च्या आसपास गेला की फाइलींची नावे सांकेतिक रूपात बदलली जात आणि पनामातील एका टपालपेटीवर १८९ डॉलर पाठवण्याची मागणी पडद्यावर येई.

अशा सोंग घेऊन आत शिरणाऱ्या घातक प्रोग्रॅमला ट्रोजन म्हणतात. आजच्या ट्रोजनची घडणही याच दोन गोष्टींवर उभी आहे: वरवर उपयोगी दिसणे आणि संगणक सुरू झाला की स्वतःही पुन्हा सुरू होण्याची सोय करून ठेवणे. व्हायरस स्वतःच्या प्रती काढून पसरतो, ट्रोजनला मात्र आत शिरण्यासाठी आपलाच हात लागतो. मराठी अक्षरजुळणीची सॉफ्टवेअरे आणि फाँट वर्षानुवर्षे पेनड्राइव्हवरून हातोहात फिरत आले आहेत, आणि सोबतचा ‘क्रॅक’, म्हणजे परवान्याची अट चुकवणारा प्रोग्रॅम, चालवण्यापूर्वी अँटिव्हायरस बंद करा, ही सूचनाही त्यांच्याबरोबरच फिरत आली आहे. ट्रोजन लिहिणाऱ्याला याहून सोयीचे काही मागता आले नसते.

संशयास्पद फाइल चालवण्यापूर्वीच ओळखता आली तर पुढचे सारे टळते. विंडोज ज्ञात प्रकारच्या फाइलींचे शेपूट, म्हणजे एक्स्टेन्शन, मुळात लपवून ठेवते, त्यामुळे ‘बिल.पीडीएफ.ईएक्सई’ ही फाइल डाउनलोड्समध्ये नुसती ‘बिल.पीडीएफ’ अशी दिसते, आणि चिन्हही पीडीएफचेच असते, कारण प्रोग्रॅमला कोणतेही चिन्ह चिकटवता येते. फोल्डरच्या ‘व्ह्यू’ मेनूत जाऊन एक्स्टेन्शन दाखवण्याची खूण केली, किंवा ‘टाइप’ या रकान्यात ‘ॲप्लिकेशन’ असे लिहिलेले पाहिले, की सोंग उघडे पडते. अलीकडे तर फाइलचीही गरज उरलेली नाही. आपण रोबो नाही हे सिद्ध करण्यासाठी विंडोजची कळ आणि आर एकत्र दाबा, मग कंट्रोल-व्ही आणि एंटर दाबा, असे एखादे पान सांगते. त्या पानाने क्लिपबोर्डवर, म्हणजे कॉपी केलेला मजकूर जिथे राहतो तेथे, आधीच ठेवलेली आज्ञा अशा रीतीने आपणच संगणकाला देतो. माणूस असल्याची खात्री करण्यासाठी अशा कळा दाबायला लावणारे पान तत्काळ बंद करावे.

संगणक मंदावला म्हणजे ट्रोजन शिरला, हा समज फारसा कामाचा नाही. पासवर्ड चोरणारे ट्रोजन काही मिनिटांत आपले काम आटोपतात आणि जराही गाजावाजा करत नाहीत. अँटिव्हायरस आपोआप बंद होणे, त्याच्या ‘एक्स्क्लूजन’ यादीत, म्हणजे तपासणीतून वगळलेल्या जागांच्या यादीत, आपण न घातलेला फोल्डर दिसणे, किंवा आपण न पाठवलेली पत्रे ‘सेंट’मध्ये सापडणे, ही अधिक भरवशाची लक्षणे होत.

शंका आली की कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडावा. तेथे ‘एसव्हीसीहोस्ट’ नावाच्या डझनावारी प्रक्रिया दिसतात. विंडोज आपल्या सेवा अशाच चालवत असल्यामुळे त्यांची संख्या पाहून घाबरण्याचे कारण नाही. नावावर उजवी क्लिक करून ‘ओपन फाइल लोकेशन’ निवडले की खरी फाइल सहसा विंडोजच्या ‘सिस्टीम३२’ फोल्डरमध्ये सापडते. हीच फाइल ‘ॲपडेटा’ किंवा ‘टेम्प’मध्ये निघाली, किंवा नावातल्या अक्षरांची अदलाबदल झालेली असली, तर प्रकरण गंभीर आहे असे समजावे.

मग आधी इंटरनेट तोडावे. त्यानंतर विंडोज सिक्युरिटीतील ‘मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन’ हा स्कॅन चालवावा. हा स्कॅन संगणक पुन्हा सुरू करून विंडोज नेहमीसारखे उघडण्यापूर्वीच तपासणी करतो, त्यामुळे चालू असताना लपणाऱ्या ट्रोजनला लपायला जागा उरत नाही. याला साधारण १५ मिनिटे लागतात. एवढे करूनही पुसलेली फाइल दुसऱ्या दिवशी परतली, तर तिला परत बोलावणारी नोंद कुठेतरी शिल्लक आहे. ती स्टार्टअप ॲप्समध्ये, टास्क शेड्यूलरमध्ये, सेवांच्या यादीत किंवा रजिस्ट्रीच्या, म्हणजे विंडोज आपल्या सेटिंग्ज जिथे साठवते त्या कोठाराच्या, ‘रन’ विभागात शोधावी लागते. मायक्रोसॉफ्टचेच ‘ऑटोरन्स’ हे मोफत साधन या साऱ्या जागा एकत्र दाखवते, आणि त्यात मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवल्या की तपासायची यादी बरीच आटोपशीर होते.

तरीही संगणक स्वच्छ झाला असे लगेच मानू नये. २०१४ पासून धुमाकूळ घालणाऱ्या ‘इमोटेट’ या ट्रोजनची सर्व्हर-यंत्रणा जानेवारी २०२१ मध्ये अनेक देशांच्या पोलिसांनी ताब्यात घेतली, आणि २५ एप्रिल २०२१ रोजी बाधित संगणकांवरून तो आपोआप काढून टाकण्याची व्यवस्थाही केली. त्या व्यवस्थेने इमोटेट गेला. त्याने इतर गुन्हेगारांकडून भाडे घेऊन आत आणून सोडलेले इतर मालवेअर, म्हणजे घातक प्रोग्रॅम, मात्र जागच्या जागी राहिले. म्हणून ज्या संगणकावर बँकेचे व्यवहार होतात, तेथे ट्रोजन सापडल्यास कागदपत्रे आणि छायाचित्रे तेवढी बाजूला काढून विंडोज नव्याने बसवावे, असे मी सुचवीन. एकेक नोंद शोधत बसण्यात जाणारा वेळ पाहता हे कामही झटपट होते.

पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या, स्वच्छ उपकरणावरून. बाधित संगणकावर टाइप केलेला नवा पासवर्डही चोराच्याच हाती पडतो. ब्राउझरमधील कुकी, म्हणजे आपण लॉग-इन केले आहे याची खूण ठेवणारी छोटी नोंद, चोरीला गेली असेल तर पासवर्डाशिवायही खात्यात शिरता येते, म्हणून सर्व उपकरणांवरून ‘साइन आउट’ करणेही तितकेच आवश्यक आहे. खात्यातून पैसे गेले असतील तर बँकेला आणि १९३० या सायबर गुन्हे मदत क्रमांकावर त्वरित कळवावे, कारण रक्कम पुढे सरकण्यापूर्वी गोठवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच अधिक असते. आणि विंडोज नव्याने बसवल्यावर पेनड्राइव्हमधील ती जुनी सेटअप फाइल पुन्हा चालवू नये.