समकक्ष परीक्षण आणि संशोधन-प्रकाशनातील सचोटी

समकक्ष परीक्षण : संशोधकाचा निबंध शोधपत्रिकेत छापण्यापूर्वी त्याच विषयात काम करणाऱ्या दुसऱ्या संशोधकांकडून तपासून घेण्याची पद्धत. 'सहकर्मी समीक्षा', 'तज्ज्ञ परीक्षण' असेही शब्द आहेत, पण बोलण्यात सर्रास 'पीअर रिव्ह्यू'च म्हणतात. 'जर्नल पीअर रिव्ह्यूड आहे ना?' असे कॉलेजच्या स्टाफरूममध्ये कोणी विचारले, की त्याच्या मनात बहुधा पद्धत नसते, बढतीचे गुण असतात. या पद्धतीच्या आजच्या दुखण्याचे मूळही बरेचसे तिथेच आहे.

परीक्षक निबंध वाचतो, प्रयोग पुन्हा करून पाहत नाही. लेखकाने दिलेली मोजमापे खरी आहेत असे धरून तो युक्तिवाद तपासतो. परीक्षणाकडून काय अपेक्षा ठेवायची आणि काय नाही, हे एवढ्या एका गोष्टीवरून ठरते.

कामकाज

निबंध आला की आधी संपादक तो चाळतो. विषय पत्रिकेच्या कक्षेत बसत नसेल किंवा नवे काही नसेल तर तो तिथूनच परत जातो. उरलेले निबंध दोन-तीन परीक्षकांकडे जातात. ते काही आठवड्यांत, पुष्कळदा काही महिन्यांत, अहवाल पाठवतात: मांडणीतला दोष, उल्लेख न केलेले आधीचे काम, न पटणारे गणित, 'आणखी अमुक एक प्रयोग करून दाखवा' अशी मागणी. मग संपादक स्वीकार, किरकोळ दुरुस्ती, मोठी दुरुस्ती किंवा नकार कळवतो. निर्णय संपादकाचा असतो, परीक्षक फक्त सल्ला देतो. तरी नकाराचे पत्र हातात पडलेला लेखक शिव्या घालतो त्या परीक्षकालाच. त्यातही 'दुसरा परीक्षक' जगभरच्या संशोधकांच्या विनोदांत खाष्ट सासूच्या जागी बसलेला आहे.

परीक्षकाला लेखकाचे नाव माहीत, पण लेखकाला परीक्षकाचे नाही, ही विज्ञानातली जुनी रूढ पद्धत. दोन्ही बाजूंनी नावे झाकण्याची रीत सामाजिक शास्त्रांत अधिक आहे. विषय लहान असेल तर ती नुसती औपचारिकता उरते. संदर्भसूचीत एकाच माणसाचे सात निबंध दिसले की लेखक कोण हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. उलट दिशेने, अहवाल उघड करण्याकडेही कल वाढतो आहे. 'नेचर' या नामांकित विज्ञानपत्रिकेने जून २०२५ पासून नव्याने येणाऱ्या सर्व संशोधन निबंधांसोबत परीक्षकांचे अहवाल आणि लेखकांची उत्तरे छापायचे ठरवले.

या कामाला बहुतेक ठिकाणी मानधन नसते. २०२० या एका वर्षात परीक्षकांनी मिळून १० कोटींहून अधिक तास त्यात घातले, असा एक अंदाज आहे. निबंध लिहिणारा फुकट, तपासणारा फुकट, आणि छापलेला अंक मात्र विद्यापीठाने पैसे मोजून घ्यायचा, हा व्यवहार बाहेरच्या माणसाला समजावून सांगताना प्राध्यापकांची पंचाईत होते. केंद्र सरकारच्या 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेत २०२५ ते २०२७ या तीन वर्षांच्या वर्गणीसाठी ६,००० कोटी रुपयांची तरतूद आहे.

इतिहास

लंडनच्या रॉयल सोसायटीचे चिटणीस हेन्री ओल्डेनबर्ग यांनी मार्च १६६५ मध्ये 'फिलॉसॉफिकल ट्रॅन्झॅक्शन्स' ही शोधपत्रिका सुरू केली आणि तेव्हापासून परीक्षणाची परंपरा अखंड चालत आली, असे सांगण्याची पद्धत आहे. ते खरे नाही. काय छापायचे हे ओल्डेनबर्ग स्वतः ठरवत. सोसायटीने निबंधांसाठी समिती नेमली ती १७५२ मध्ये, आणि लेखी अहवाल मागवायला सुरुवात झाली ती १८३०च्या दशकात. पहिलाच निबंध जॉर्ज एअरी यांचा होता, शुक्र आणि पृथ्वी यांच्या गतीतील दीर्घ आवर्तनाविषयीचा. परीक्षक होते विल्यम ह्यूएल आणि जॉन लबक. दोघांनी मिळून एक अहवाल द्यायचा होता, पण दोघांचेच जुळेना. निबंधाचे महत्त्व लोकांना समजावून सांगावे, असे ह्यूएल यांचे म्हणणे. लबक यांना त्यातल्या त्रुटी दाखवायच्या होत्या. परीक्षण नेमके कशासाठी, हा वाद असा पहिल्या निबंधापासूनच आहे.

पुढची शंभर वर्षे ही पद्धत काही सोसायट्यांपुरतीच राहिली. १९३६ मध्ये अल्बर्ट आइन्स्टाइन आणि नेथन रोझेन यांनी 'फिजिकल रिव्ह्यू'कडे निबंध पाठवला. गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाश-काळात उठणारे तरंग, अस्तित्वातच नाहीत, असा त्याचा निष्कर्ष होता. संपादक जॉन टेट यांनी तो परीक्षकाकडे पाठवला आणि आलेली दीर्घ टिप्पणी आइन्स्टाइन यांना कळवली. आइन्स्टाइन संतापले. आम्ही निबंध छापण्यासाठी पाठवला होता, छापण्याआधी तो तज्ज्ञांना दाखवायची मुभा दिली नव्हती, अशा आशयाचे उत्तर देऊन त्यांनी तो परत घेतला. जर्मनीत ते ज्या रिवाजात वाढले त्यात हे बसतच नव्हते. गंमत अशी की परीक्षक बरोबर होता. हॉवर्ड रॉबर्टसन हे त्याचे नाव पुष्कळ वर्षांनी उघड झाले. पण निबंध परत घेतला त्याच काळात आइन्स्टाइन यांचे सहायक लिओपोल्ड इन्फेल्ड यांच्याशी गप्पा मारताना रॉबर्टसन यांनी चूक दाखवून दिली होती. १९३७ मध्ये दुसऱ्या पत्रिकेत निबंध छापून आला तेव्हा निष्कर्ष बदललेला होता. त्या लहरी सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेतील लायगो वेधशाळेने प्रत्यक्ष टिपल्या; तशीच वेधशाळा आता हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभारली जात आहे.

वॉटसन आणि क्रिक यांचा डीएनएच्या रचनेवरचा १९५३ चा निबंध परीक्षकाकडे गेलाच नव्हता. 'नेचर'ने परीक्षण सक्तीचे केले ते १९७३ मध्ये. म्हणजे आज विज्ञानाचा कणा समजली जाणारी ही पद्धत सार्वत्रिक होऊन जेमतेम पन्नास वर्षे झाली आहेत.

परीक्षणाला काय दिसते

याचीही परीक्षा घेतली गेली आहे. 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'च्या फियोना गॉडली आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये एका निबंधात मुद्दाम ८ दोष पेरले आणि तो ४२० परीक्षकांकडे पाठवला. २२१ जणांचे अहवाल आले. सरासरी २ दोष सापडले. १६ टक्के परीक्षकांना एकही दिसला नाही. यंत्र-अध्ययनाच्या (मशीन लर्निंग) 'न्यूरिप्स' परिषदेने २०१४ मध्ये १६६ निबंध दोन स्वतंत्र समित्यांकडे दिले. ४३ निबंधांवर एका समितीचा होकार आणि दुसरीचा नकार असे झाले.

मानसशास्त्रातला १९८२ चा पीटर्स आणि सेसी यांचा प्रयोग अधिक बोचरा आहे. नामांकित संस्थांतील संशोधकांचे छापून आलेले १२ निबंध त्यांनी लेखकाची आणि संस्थेची नावे बदलून त्याच पत्रिकांकडे पुन्हा पाठवले. ३ ओळखले गेले. उरलेल्या ९ पैकी ८ नाकारले गेले, आणि कारण दिले ते पद्धतीतील गंभीर दोषांचे. हे दोष मूळ छपाईच्या वेळी कोणाला दिसले नव्हते, की नव्या पत्त्यामुळे दिसू लागले, हे ज्याने त्याने ठरवावे.

प्रस्थापित मताला धक्का देणाऱ्या निबंधांना परीक्षण जड जाते, ही तक्रार जुनी आहे आणि निराधार नाही. जीवशास्त्रज्ञ लिन मार्ग्युलिस यांचा पेशींतील सहजीवनावरचा, म्हणजे पेशीतले काही भाग मुळात स्वतंत्र जिवाणू होते असे मांडणारा निबंध, त्यांच्याच सांगण्यानुसार, पंधराएक पत्रिकांनी परत केल्यावर १९६७ मध्ये छापला गेला. आज तो विचार पाठ्यपुस्तकात आहे. पण दार नेहमीच बंद असते असेही नाही. महास्फोट सिद्धांताविरुद्ध जयंत नारळीकर, फ्रेड हॉइल, जेफ्री बर्बिज, हॉल्टन आर्प आणि चंद्रा विक्रमसिंघे यांचा पर्यायी मांडणी करणारा लेख १९९० मध्ये 'नेचर'नेच छापला.

बनवाबनवी

सचोटीच्या चर्चेत तीन अपराध मुख्य मानले जातात: नसलेला डेटा रचणे, असलेल्या डेटात फेरफार करणे आणि वाङ्मयचौर्य. तिसरा आता सॉफ्टवेअर पकडते. पहिले दोन परीक्षकाच्या टेबलावर सहसा पकडले जात नाहीत.

अमेरिकेतील बेल लॅब्ज या संशोधनसंस्थेतील भौतिकशास्त्रज्ञ यान हेन्ड्रिक शॉन यांचे निबंध २००० च्या सुमारास 'सायन्स' आणि 'नेचर'मध्ये एकामागून एक येत होते. परीक्षकांना त्यांत वावगे दिसले नाही. २००२ मध्ये लिडिया सोन आणि पॉल मॅक्युएन या भौतिकशास्त्रज्ञांच्या लक्षात आले, की वेगवेगळ्या प्रयोगांच्या आलेखांतील गोंगाट, म्हणजे मोजमापातील अनियमित थरथर, अगदी हुबेहूब आहे. आलेखाचा आकार दोनदा सारखा येऊ शकतो, थरथर येत नाही. चौकशी समितीने तपासलेल्या २४ आरोपांपैकी १६ मध्ये गैरवर्तन सिद्ध झाल्याचे सांगितले.

गोंगाटाची हीच खूण जुलै २०१८ मध्ये पुन्हा दिसली. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील दोन संशोधकांनी सोने-चांदीच्या अतिसूक्ष्म रचनेत २३६ केल्विन (उणे ३७ अंश सेल्सिअस) तापमानाला अतिवाहकता, म्हणजे अडथळ्याविना वीज वाहण्याचा गुण, आढळल्याचा मसुदा 'अर्काइव्ह' या संकेतस्थळावर ठेवला. तिथे मसुदे परीक्षणाविना येतात. काही दिवसांत एमआयटीच्या ब्रायन स्किनर यांनी दोन वेगळ्या मोजणींतला गोंगाट जुळत असल्याचे दाखवले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील प्रताप रायचौधुरी यांनी अशा जुळणीमागे भौतिक कारणही असू शकेल, असे सुचवले. लेखकांनी मे २०१९ मध्ये अधिक मोजमापे देऊन विस्तृत मसुदा मांडला. एखाद्या पत्रिकेत दोन परीक्षकांनी बंद दाराआड जे केले असते, किंवा केले नसते, ते इथे उघड्यावर झाले.

भारतातील सर्वांत मोठे प्रकरण त्याआधीचे, जीवाश्मांचे. पंजाब विद्यापीठातील विश्वजित गुप्ता यांनी दोन दशकांहून अधिक काळ हिमालयातील जीवाश्मांवर ढीगभर निबंध छापले. १९८९ मध्ये ऑस्ट्रेलियाचे जॉन टॅलंट यांनी 'नेचर'मध्ये दाखवले, की त्यांतले काही नमुने मोरोक्कोत आणि न्यूयॉर्क राज्यात मिळणाऱ्या नमुन्यांशी जुळतात. परीक्षकाने निबंध कितीही बारकाईने वाचला असता तरी तो दगड खरोखर हिमाचलातल्या खडकातून काढला का, हे त्याला कसे कळणार?

चूक उघडकीस आल्यावर निबंध मागे घेतला जातो. त्याला लागणारा वेळ मात्र बेभरवशाचा आहे. गोवर, गालगुंड आणि रुबेला यांवरची एमएमआर लस आणि ऑटिझम यांचा संबंध सुचवणारा, १२ मुलांवर आधारलेला अँड्र्यू वेकफील्ड यांचा १९९८ चा निबंध 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रिकेने पूर्णपणे मागे घेतला तो २०१० मध्ये. त्याच 'लॅन्सेट'ने मे २०२० मध्ये छापलेला, ९६,००० कोविड रुग्णांच्या नोंदींचा दावा करणारा निबंध दोन आठवड्यांत मागे घेतला गेला, कारण ज्या सर्जिस्फिअर कंपनीचा तो डेटा होता ती तो कोणालाच दाखवायला तयार नव्हती.

पेपरचा बाजार

वरची माणसे निदान स्वतः खोटे रचत होती. गेल्या पंधरा वर्षांत ते काम कारखान्यांकडे गेले आहे. पैसे घेऊन निबंध लिहून देणाऱ्या, लेखक म्हणून नाव विकणाऱ्या संस्थांना 'पेपर मिल' म्हणतात. परीक्षकही बनावट असतो: निबंधासोबत सुचवलेल्या परीक्षकाचे नाव खरे, ईमेल मात्र लेखकाच्याच ताब्यातला. अशाच कारणावरून 'ट्यूमर बायॉलॉजी' या एका पत्रिकेतील १०७ निबंध २०१७ मध्ये एकदम मागे घेतले गेले. २०२३ मध्ये जगभरात १०,००० हून अधिक निबंध मागे घेतले गेले; त्यांतले ८,००० हून अधिक एकट्या हिंदावी या प्रकाशनसंस्थेचे होते.

उचललेला मजकूर सॉफ्टवेअरला सापडू नये म्हणून शब्दाला शब्द बदलण्याची युक्ती निघाली. त्यातून 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स'चे 'काउंटरफिट कॉन्शसनेस' आणि 'ब्रेस्ट कॅन्सर'चे 'बूझम पेरिल' झाले. मराठीत स्तनाच्या कर्करोगाला 'वक्षसंकट' म्हणावे तसे! गियोम काबानाक आणि सहकाऱ्यांनी २०२१ पासून असे छळलेले शब्द हुडकून हजारो निबंध शोधून काढले. ते सगळे परीक्षणातून गेलेले होते, निदान कागदोपत्री.

भारताचा या बाजाराशी संबंध घनिष्ठ आहे. जॉन बोहॅनन यांनी २०१३ मध्ये ढोबळ चुकांनी भरलेला एक खोटा निबंध ३०४ मुक्त प्रवेश (वाचकाला मोफत असणाऱ्या) पत्रिकांकडे पाठवला. १५७ नी तो स्वीकारला, आणि त्या ३०४ पैकी सुमारे एक तृतीयांश भारतातल्या होत्या. यामागे विद्यापीठ अनुदान आयोगाचे नियम होते. २०१० पासून बढतीसाठी एपीआय (शैक्षणिक कामगिरी निर्देशांक) गुण मोजले जाऊ लागले आणि प्रत्येक पेपरला भाव आला. मराठी, इतिहास, वाणिज्य शिकवणाऱ्या, ग्रंथालयात धड नियतकालिकेही नसलेल्या तालुक्याच्या कॉलेजातल्या प्राध्यापकालाही पेपर हवा होता. व्हॉट्सअ‍ॅपवर 'कॉल फॉर पेपर्स' फिरू लागले: आयएसएसएन (नियतकालिकाचा ओळख-क्रमांक), इम्पॅक्ट फॅक्टर (पत्रिकेतील निबंध किती उद्धृत होतात त्याचे माप), दोन दिवसांत स्वीकृती, प्रमाणपत्र मोफत. सभागृहात चहा थंड व्हायच्या आत परिषदेचे शंभर निबंध छापून बांधून तयार असत.

आयोगाने मान्य पत्रिकांची यादी केली, तर यादीतच भेसळ निघाली. भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी विद्यापीठांनी सुचवलेल्या १,००९ पत्रिका तपासल्या. ८८ टक्के निकषांत बसल्या नाहीत. कोणाचा पत्ता नव्हता, कोणाचे संपादक नव्हते, कोणाचा आयएसएसएन चुकीचा होता. 'करंट सायन्स'मध्ये २०१८ मध्ये हे विश्लेषण आले. त्याच वर्षी मे महिन्यात आयोगाने ४,३०५ पत्रिका यादीतून काढल्या. २०१९ मध्ये 'यूजीसी केअर' यादी आली. तिचे काम पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातून चाले. मग यादीतल्या जुन्या, प्रतिष्ठित पत्रिकांच्या नावाने हुबेहूब खोट्या वेबसाइट निघाल्या आणि केअरला 'क्लोन' पत्रिकांपासून सावध राहा, अशा सूचना द्याव्या लागल्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने ही यादीच बंद केली आणि पत्रिका पारखण्याची जबाबदारी विद्यापीठांवर सोपवली, म्हणजे २०१८ मध्ये ज्यांची पारख ८८ टक्के चुकली होती त्यांच्यावरच.

आता परीक्षकही कृत्रिम बुद्धिमत्तेची मदत घेऊ लागले आहेत, आणि लेखकांनी त्यावरही तोड काढली आहे. जुलै २०२५ मध्ये 'अर्काइव्ह'वरील काही मसुद्यांत डोळ्यांना न दिसणारा मजकूर सापडला. पांढऱ्या कागदावर पांढऱ्या अक्षरांत यंत्रासाठी लिहिले होते: फक्त अनुकूल अभिप्राय द्यावा.