खडूच्या टेकड्यांवरचे पाणी जाते कुठे?

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील ब्रायटन शहरातून डेव्हिल्स डाइक या टेकडीच्या माथ्यापर्यंत बस जाते. सुमारे २१७ मीटर उंचीच्या या माथ्यावरून पश्चिमेकडे कड्याच्या धारेने चालत जावे, फुलकिंग गावाकडे उतरावे, पायथ्याच्या शेतांमधून पोयनिंग्ज गाठावे, तिथून सॅडल्सकोम्बच्या शेतवाडीवर यावे आणि पुन्हा चढून माथ्यावर परतावे, अशी ही वर्तुळाकार वाट अर्ध्या दिवसात सहज पुरी होते. सह्याद्री पायाखाली घातलेल्या माणसाला तिची चढण किरकोळ वाटेल. पण पाऊस बाराही महिने पडत असूनही माथ्यावर चालताना एकही ओढा आडवा येत नाही, ही गोष्ट मात्र त्याच्या लगेच लक्षात येईल.

साउथ डाउन्स नावाच्या या टेकड्या पांढऱ्या खडूच्या आहेत. आपल्याकडे फळ्यावर चालणारा खडू बहुधा जिप्समचा असतो. हा नैसर्गिक खडू म्हणजे जवळजवळ शुद्ध कॅल्शियम कार्बोनेट. क्रिटेशस या डायनोसॉरांच्या शेवटच्या कालखंडाच्या उत्तरार्धात समुद्राची पातळी आजच्यापेक्षा पुष्कळच उंच होती आणि उत्तर युरोपचा मोठा भाग पाण्याखाली होता. त्या समुद्रात कोकोलिथोफोर नावाची एकपेशीय शैवाले तरंगत असत. त्यांच्या अंगावर चुन्याच्या, जेमतेम काही मायक्रोमीटर रुंदीच्या चकत्या असत आणि शैवाल मेले की त्या चकत्या तळाशी जाऊन बसत. हजार वर्षांत एक ते तीन सेंटीमीटर, इतक्या संथ गतीने हा गाळ साचत गेला आणि त्याचे शेकडो मीटर जाडीचे थर झाले. आपल्या दख्खनच्या पठाराचा काळा बेसाल्ट घडवणारे ज्वालामुखीचे मुख्य उद्रेक त्यानंतरचे, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे. म्हणजे वयाने खडूच थोरला.

नांगरलेल्या शेतात पांढऱ्या मातीवर विखुरलेले ओबडधोबड गोटे दिसतात. फुटका गोटा हातात घेतला तर बाहेर पांढरी साल आणि आत काचेसारखा गुळगुळीत, काळसर गाभा आढळतो. हा चकमकीचा दगड. समुद्री स्पंजांसारख्या प्राण्यांच्या सांगाड्यातील सिलिका गाळात विरघळून पुन्हा गोळा झाली, त्यातून तो बनला. खडू बांधकामाला फार मऊ, त्यामुळे इथली जुनी घरे, कुंपणाच्या भिंती आणि पोयनिंग्जचे १४व्या शतकातील चर्च याच दगडाने उभारलेले आहे.

टेकड्यांची उत्तर बाजू एकदम तुटलेली आहे, तर दक्षिण बाजू समुद्राकडे हळूहळू उतरत जाते. आल्प्स पर्वत ज्या हालचालींतून उचलला गेला, त्यांच्याच दाबाने इथले थर घुमटासारखे वर आले. पुढे घुमटाचा माथा झिजून गेला आणि कडा तेवढ्या उरल्या. हवा स्वच्छ असेल तर डेव्हिल्स डाइकवरून उत्तरेला क्षितिजावर दिसणारी नॉर्थ डाउन्सची रांग ही त्याच घुमटाची समोरची कड होय.

आता पाण्याकडे येऊ. खडूच्या आकारमानाचा साधारण ३० ते ४० टक्के भाग रिकाम्या छिद्रांचा असतो, पण ही छिद्रे इतकी बारीक असतात की त्यांतले पाणी सहजी सुटत नाही. ते प्रत्यक्ष वाहते ते खडकातील भेगांमधून. पाऊस पडताच मुरतो आणि खालच्या चिकणमातीच्या थराला लागेपर्यंत उतरत राहतो. तो थर पाण्याला पुढे जाऊ देत नाही, म्हणून कड्याच्या पायथ्याशी झरे फुटतात. फुलकिंगला असाच एक झरा पबच्या शेजारून, रस्त्याच्या कडेने खळाळत बाहेर येतो. लोकर कातरण्यापूर्वी आसपासचे मेंढपाळ इथे पाणी अडवून मेंढ्या धूत असत. पायथ्याला गावे अशी ओळीने का वसली, याचे उत्तर नकाशापेक्षा या झऱ्यापाशी लवकर मिळते.

झऱ्यांच्या रेषेपासून वर असलेल्या सॅडल्सकोम्बला ही सोय नव्हती. १०८६च्या डूम्सडे या इंग्लंडच्या जमीन-मालमत्तेच्या नोंदवहीत उल्लेख असलेल्या या शेतवाडीवर खोल विहिरीशेजारी एक मोठे लाकडी चाक अजून जपलेले आहे. त्याच्या आत जनावर चालवून बादली वर ओढली जाई. माथ्यावरच्या मेंढ्यांसाठी तळाला चिकणमाती कुटून छोटी तळी केली जात. त्यांना दवतळी म्हणतात खरे, पण ती भरतात ती बहुतांशी पावसाने.

तुटक्या उतारांवर मातीचा थर पातळ, कोरडा आणि खताच्या दृष्टीने गरीब आहे. तिथे जोमाने वाढणाऱ्या गवताला इतरांवर कुरघोडी करता येत नाही, आणि शतकानुशतके मेंढ्यांनी ते खुरटे ठेवल्यामुळे एका चौरस मीटरमध्ये ४०पर्यंत वनस्पतींच्या जाती दाटीवाटीने नांदू शकतात. अॅडोनिस ब्लू या निळ्याशार फुलपाखराची अळी यांपैकी हॉर्सशू व्हेच या एकाच पिवळ्या फुलांच्या वनस्पतीवर जगते, आणि अळीने पाझरवलेल्या गोड द्रवाच्या मोबदल्यात मुंग्या तिची राखण करतात. १९५३मध्ये मिक्सोमॅटोसिस हा सशांचा साथीचा रोग ब्रिटनमध्ये आला, ससे जवळपास नाहीसे झाले, गवत उंच वाढून जमीन थंड राहू लागली आणि कितीतरी ठिकाणांहून हे फुलपाखरू हद्दपार झाले. निसर्ग राखायचा म्हणजे चराई बंद करायची, हा आपल्याकडे सरसकट दिला जाणारा सल्ला इथे तरी लागू पडत नाही.

सॅडल्सकोम्बहून माथ्याकडे परतताना उजव्या हाताला जी खोल दरी लागते, तीच खुद्द डेव्हिल्स डाइक. ती सुमारे १०० मीटर खोल आहे आणि तिच्या तळाशी पाण्याचा थेंब नाही. पायथ्याच्या गावांमधली चर्चे बुडवायला सैतानाने समुद्रापर्यंत चर खणायला घेतला, अशी लोककथा आहे. दरी पाण्यानेच कोरली, हे तर उघड आहे. पण मुरवून टाकणाऱ्या खडकावरून पाणी वाहिले कसे? हिमयुगात हिमनदीचे थर इथवर पोहोचले नव्हते, तरी जमीन खोलवर गोठलेली होती. भेगांतले आणि छिद्रांतले पाणी बर्फ झाल्यामुळे खडू अभेद्य बनला. उन्हाळ्यात वरचे बर्फ आणि मातीचा पृष्ठभाग वितळला की पाण्याला खाली वाट नसे, त्यामुळे गोठण्या-वितळण्याने भुगा झालेला खडू घेऊन ते उतारावरून धावत सुटे. शेवटचे हिमयुग सुमारे ११,७०० वर्षांपूर्वी संपले, जमिनीतला बर्फ वितळला आणि प्रवाह खडकात उतरले.

जमिनीखालचा हा साठा आजही भरतो आणि ओसरतो. २०००-०१च्या अतिवृष्टीच्या हिवाळ्यात भूजलाची पातळी इतकी वर आली की ब्रायटनच्या पॅचम भागात पाणी जमिनीतून वर येऊन घरांत शिरले. शहराची तहानही मुख्यतः याच खडकावर भागते, आणि इथे दक्षिण उतारावरच्या शेतीचा संबंध येतो. दुसऱ्या महायुद्धात आणि त्यानंतर धान्यासाठी जुनी कुरणे नांगरली गेली, पुढे रासायनिक खतेही आली. पिकाने न घेतलेला नायट्रेट, म्हणजे नायट्रोजनचा विरघळणारा क्षार, पाण्याबरोबर खडूत उतरतो, पण सूक्ष्म छिद्रांमधून त्याचा प्रवास वर्षाला साधारण एक मीटर इतकाच होतो. भूजल बरेच मीटर खोल असल्याने आज विहिरीत सापडणारा नायट्रेट बऱ्याच अंशी मागच्या पिढीच्या शेतातला असतो. म्हणून आज शेतकऱ्यांनी हिवाळ्यात रान उघडे न ठेवता नायट्रेट शोषून घेणारी आच्छादन पिके पेरली, तरी त्यांचा गुण पूर्णपणे दिसायला काही दशके जावी लागतील. तोवर जास्त नायट्रेटचे पाणी कमी नायट्रेटच्या पाण्यात मिसळून किंवा शुद्धीकरण यंत्रणा बसवून ते प्रमाण लिटरमागे ५० मिलिग्रॅमच्या मर्यादेत ठेवणे एवढेच पाणीपुरवठा करणाऱ्यांच्या हाती आहे.