चरे सिलिंडरात, दुखणं दुसरीकडे

होडीच्या मागे लावायच्या जुन्या टू-स्ट्रोक आउटबोर्ड इंजिनाचं हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, काढलं आणि दोनपैकी एका सिलिंडरच्या भिंतीवर उभे चरे दिसले, की हात लगेच बोअरिंगकडे, म्हणजे सिलिंडर कापून रुंद करण्याकडे वळतो. माझं कळकळीचं सांगणं आहे, आधी ते चरे वाचा.

भिंतीवरून नख आडवं फिरवा. नख खाचेत अडकलं, तर धातू खरवडला गेलाय. पण पुष्कळदा तिथे खाच नसतेच, नखाला उंचवटा लागतो. चमकदार, पांढरट पट्टा. ते पिस्टनचं ॲल्युमिनियम असतं, बिडाच्या लायनरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळीला, माखलेलं. कॉस्टिक सोड्यात ॲल्युमिनियम विरघळतं, बीड तसंच राहतं. मात्र भोवतालचा ब्लॉकही ॲल्युमिनियमचाच असतो, म्हणून हातमोजे आणि चष्मा घालून बोळ्याने फक्त पट्ट्यावरच लावायचा. पट्टा गेल्यावर खालची भिंत शाबूत निघाली, तर नुसत्या होनिंगवर, म्हणजे भिंत दगडाने हलकी घासण्यावर भागतं.

हे ॲल्युमिनियम तिथे आलं कसं? तापल्यावर ते बिडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. पिस्टन आणि भिंत यांच्यातली फट मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. ती संपली की तेलाचा थर तुटतो आणि मऊ धातू कठीण धातूला चिकटतो.

आता इंजिन का तापलं, ते शोधायचं. दोन्ही सिलिंडर होरपळले असतील, तर मी आधी इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपाकडे जातो. त्यातल्या रबरी इम्पेलरची पाती वर्षानुवर्षं एकाच बाजूला दुमडून ताठरतात आणि पाणी वर चढत नाही. एकच सिलिंडर गेला असेल, तर संशय त्याच्या कार्ब्युरेटरवर. या इंजिनात तेल पेट्रोलमधूनच येतं, अनेक इंजिनांत 50 भाग पेट्रोलला 1 भाग. शिळ्या पेट्रोलच्या राळेने जेट, म्हणजे कार्ब्युरेटरमधलं पेट्रोलचं बारीक भोक, अर्धवट बुजला की पेट्रोलबरोबर तेलही कमी पडतं, आणि कमी पेट्रोलचं मिश्रण जास्त तापतं. क्रँकचं, म्हणजे पिस्टन ज्या दांड्याला फिरवतो त्याचं, झिजलेलं ऑइल सील बाहेरची हवा ओढतं, तेव्हाही हेच होतं. हे न शोधता बसवलेला नवा पिस्टन जुन्याच्याच वाटेने जातो.

बोअर करावंच लागलं, तर पिस्टन आधी हातात घ्या आणि त्याच्या मापाने बोअर करून घ्या. नंतरचं एक काम हमखास विसरलं जातं. टू-स्ट्रोकच्या भिंतीत पोर्टच्या, म्हणजे मिश्रण आत येण्याच्या आणि धूर बाहेर जाण्याच्या, खिडक्या असतात आणि बोअरिंगनंतर त्यांच्या कडा पात्यासारख्या धारदार होतात. पिस्टनवरची रिंग खिडकीसमोरून जाताना किंचित बाहेर फुगते. धार तशीच राहिली तर रिंग अडकून तुटते, म्हणून प्रत्येक कड हलक्या हाताने गोलसर करायची. त्यानंतर होनिंगच्या तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या रेघा, कारण तेल त्यांच्यातच टिकतं.

क्रँककेस, म्हणजे क्रँक ज्यात फिरतो तो खालचा भाग, न धुता जोडू नका. ॲल्युमिनियमचा एक कण नीडल बेअरिंगमध्ये, म्हणजे क्रँकच्या सुईसारख्या रोलरांच्या बेअरिंगमध्ये शिरला, की सगळं काम पुन्हा उघडावं लागतं.