विषारी बुरशीवर बुरशीचाच उतारा

भरताच्या वांग्यात घातलेला शेंगदाणा खवट लागला, की आपण तो थुंकून टाकतो. अफ्लाटॉक्सिन मात्र जिभेला कळत नाही. अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस या पिवळसर हिरव्या बुरशीचं हे विष १९६० साली उजेडात आलं. त्या वर्षी इंग्लंडमध्ये लाखभर टर्की पक्षी दगावले आणि संशय त्यांच्या खाद्यातल्या शेंगदाणा पेंडीवर गेला. या विषातला बी-१ हा प्रकार यकृताचा कर्करोग घडवतो. दाणे भाजल्याने तो कमी होतो, पण पुरता जात नाही.

भुईमुगाचं फूल वर येतं आणि शेंग मातीत धरते. फुलातून निघणारे देठ, म्हणजे आऱ्या, जमिनीत उतरल्या, की शेंग बुरशीच्या घरातच वाढू लागते. धुळे-जळगावकडे सप्टेंबरात पावसाने ताण दिला, जमीन तापली आणि हुमणी-वाळवीने टरफल पोखरलं, की बुरशीला वाट मोकळी. त्यात तहानलेल्या दाण्याची स्वतःची प्रतिकारशक्तीही मंदावलेली असते.

यावरचा एक उपाय उफराटा वाटेल: शेतात तीच बुरशी टाकायची! अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हसच्या काही कुळांत विष बनवणारी जनुकं नसतात किंवा बिघडलेली असतात. आफ्रिकेत ‘अफ्लासेफ’ या नावाने अशी कुळं ज्वारीच्या दाण्यांवर चढवतात. ज्वारी उगवू नये म्हणून ती आधी भाजून घेतात. पीक फुलावर येण्याच्या दोन-तीन आठवडे आधी हे दाणे हेक्टरी १० किलो फेकतात. ओल मिळताच बुरशी फोफावते आणि एसटीत रुमाल टाकावा तशी जागा धरून बसते. विषारी भाऊबंदांना मग थारा उरत नाही. विषाचं प्रमाण अनेकदा ८० टक्क्यांहून जास्त घटतं. अमेरिकेत याच तत्त्वावर ‘अफ्ला-गार्ड’ वापरतात.

आपल्याकडे कृषी सेवा केंद्रात सहज मिळते ती ट्रायकोडर्मा. ही नुसती जागा धरत नाही, थेट हल्लाही करते. दुसऱ्या बुरशीच्या धाग्याला वेटोळे घालून त्याची भिंत विरघळवते आणि आतलं खाऊन टाकते. किलोभर बियाण्याला ४-५ ग्रॅम चोळतात, शिवाय शेणखतात मिसळूनही देतात. मुळकूज-खोडकुजीवर ती चांगलीच, पण विषासाठी एकट्या तिच्यावर भिस्त ठेवू नये, असं माझं मत. आणि कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक लावलेल्या बियाण्यावर ती चोळणं म्हणजे पैसे पाण्यात. ते औषध तिलाच मारतं.

उपटलेले वेल शेंगा वर करून उलटे वाळवावेत. शेंग कानाशी हलवली की दाणा खुळखुळला पाहिजे. पोत्यात भरताना दाण्यातली ओल ८ टक्क्यांच्या आसपास असावी. निवडून काढलेले बुरसट दाणे गोठ्यात नेऊ नयेत, कारण गाय-म्हैस ते विष एम-१ या रूपात दुधातून परत देते.