नॅशनल लीग १, २०१९–२० हंगाम

इंग्लंडमधील रग्बी युनियनच्या तिसऱ्या श्रेणीच्या साखळी स्पर्धेचा हा हंगाम सप्टेंबर २०१९ मध्ये सुरू झाला आणि करोनाच्या साथीमुळे मार्च २०२० मध्ये मध्येच थांबला. विजेतेपद रिचमंडला मिळाले, पण अखेरचा गुणतक्ता मैदानावर पुरा झालाच नाही. तो त्रैराशिक मांडून पुरा करावा लागला.

सर्वांत वर प्रीमियरशिप, तिच्याखाली चॅम्पियनशिप आणि मग ही लीग, अशी उतरंड होती. त्या वर्षी १६ संघ होते. प्रत्येकाशी एकदा घरी आणि एकदा बाहेर, असे प्रत्येकाच्या वाट्याला ३० सामने. गुणतक्त्यात विजयाला ४ गुण, बरोबरीला २. चार ट्राय केल्यास, म्हणजे चार वेळा प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवल्यास, एक जादा गुण. सामन्यातल्या सात किंवा त्याहून कमी गुणांनी हरल्यासही एक. त्यामुळे हरणारा संघही शेवटच्या मिनिटापर्यंत हातपाय गाळत नाही. अव्वल संघ चॅम्पियनशिपमध्ये जात असे आणि तळाचे तीन नॅशनल लीग २ मध्ये उतरत.

या पातळीवरचे बरेच खेळाडू आठवडाभर नोकरी करून शनिवारी खेळतात. नैऋत्येकडच्या प्लिमथ अल्बियनला ईशान्येच्या डार्लिंग्टनला जायचे, तर एका बाजूचाच प्रवास सुमारे सहाशे किलोमीटरचा. तिथले मैदान हा एक वेगळाच मामला आहे. मूळ फुटबॉल क्लबासाठी २००३ मध्ये बांधलेले, सुमारे २५ हजार आसनांचे हे स्टेडियम पुढे डार्लिंग्टन मोडन पार्क या रग्बी क्लबाकडे आले. हजार-दीड हजार माणसे जमली, तरी तिथे रिकाम्या खुर्च्याच नजरेत भरत.

फेब्रुवारी २०२० हा ब्रिटनमधला नोंदींतला सर्वांत पावसाळी फेब्रुवारी ठरला. किआरा आणि डेनिस या वादळांनी मैदानांची तळी केली, सामने पुढे ढकलले गेले आणि संघांच्या सामन्यांची संख्या सारखी राहिली नाही. मागे राहिलेले सामने उरकायला पुढे वेळ मिळेल, हा हिशेब करोनाने चुकवला. २० मार्चला रग्बी फुटबॉल युनियनने, म्हणजे इंग्लंडमधल्या या खेळाच्या नियामक संस्थेने, प्रीमियरशिप वगळता सगळे हंगाम संपल्याचे जाहीर केले.

मग उरला प्रश्न वर कोण जाणार आणि खाली कोण येणार याचा. फुटबॉल असोसिएशनने आपल्या खालच्या श्रेणींचे निकाल सरळ पुसून टाकले होते. रग्बीने तसे केले नाही: झालेल्या सामन्यांतील कामगिरीच्या सरासरीवरून अंतिम क्रम लावला. सामन्यांची संख्या असमान असताना याहून न्याय्य पर्याय सुचणे अवघड आहे. तरी तळाच्या संघांना हा निकाल कडू लागला असेल, कारण उरलेल्या सामन्यांत सावरायची संधी गेली ती गेलीच. रॉदरहॅम टायटन्स, कँटरबरी आणि हल आयोनियन्स खाली गेले. नॅशनल लीग २ मधून कॅल्डी, टॉन्टन टायटन्स आणि टनब्रिज जडियन्स वर आले. चॅम्पियनशिपमधून यॉर्कशायर कार्नेगी घसरला.

रिचमंड आदल्याच वर्षी चॅम्पियनशिपमधून खाली आला होता, म्हणजे पुनरागमन लगोलग झाले. १८६१ मध्ये स्थापन झालेला हा क्लब रग्बी फुटबॉल युनियनच्या संस्थापकांपैकी एक. व्यावसायिकतेला १९९५ मध्ये मुभा मिळाल्यावर एका धनिकाच्या पैशावर तो थेट अव्वल श्रेणीत पोहोचला, १९९९ मध्ये दिवाळखोरीत गेला आणि पुन्हा पार तळाच्या लीगपासून चढत आला. या वेळीही पैशाने पाठ सोडली नाही: ज्या चॅम्पियनशिपमध्ये तो चालला होता, तिथल्या क्लबांना युनियनकडून मिळणारे अनुदान जवळपास निम्म्यावर आणण्याचा निर्णय फेब्रुवारीतच जाहीर झाला होता.

पुढचा, म्हणजे २०२०–२१ चा हंगाम नॅशनल लीग १ मध्ये खेळलाच गेला नाही. वर आलेल्या तिन्ही संघांना या श्रेणीत पहिला सामना खेळायला २०२१ ची शरद उजाडावी लागली. त्याच हंगामात कॅल्डीने ही लीग जिंकली आणि चॅम्पियनशिप गाठली.