'तोदोस'पासून 'तोदेस'पर्यंत

वर्गात नव्व्याण्णव मुली आणि एकच मुलगा असला, तरी स्पॅनिशमध्ये सगळ्यांना मिळून 'तोदोस' म्हणायचं, म्हणजे पुल्लिंगी 'सगळे'. मराठीत अशा वेळी 'मुलं आली' म्हणायला नपुंसकलिंग हाताशी असतं. स्पॅनिश नामांना ती सोय नाही. भाषेत पुरुषालाच प्रमाण का मानायचं, हा वाद तिथे इंग्रजीपेक्षा खोल गेला तो यामुळे.

इंग्रजीत नामांना आणि विशेषणांना व्याकरणिक लिंग नाही. 'चेअरमन'चं 'चेअरपर्सन' केलं की बरंचसं काम भागतं. स्त्रीचं लग्न झालंय की नाही हे न सांगणारं 'मिझ' (Ms) हे संबोधन १९०१ मध्येच सुचवलं गेलं होतं. न्यूयॉर्क टाइम्सने ते स्वीकारलं १९८६ मध्ये. अशा, कुणाला न दुखावणाऱ्या भाषेला लावला जाणारा 'पॉलिटिकली करेक्ट' हा शब्दप्रयोग १९७० च्या दशकात अमेरिकी डावे आपल्याच अतिउत्साही सोबत्यांना चिडवायला वापरत. मे १९९१ मध्ये थोरल्या जॉर्ज बुश यांनी मिशिगन विद्यापीठातल्या भाषणात त्यावर टीका केली, तोवर तो उजव्यांच्या हातातली काठी झाला होता.

स्पेनमध्ये अभियंते आल्वारो गार्सिया मेसेगेर यांनी पुल्लिंगी 'ओ' आणि स्त्रीलिंगी 'आ' या प्रत्ययांच्या जोडीला 'ए' सुचवला तो १९७६ मध्ये. पुढे लिखाणात त्या जागी '@' आणि 'एक्स'ही आले, पण 'तोद@स' वाचायचं कसं? 'तोदेस' मात्र सहज उच्चारता येतं, आणि स्त्री-पुरुष या चौकटीत न बसणाऱ्यांनाही त्यात जागा मिळते. व्हेनेझुएलाच्या १९९९ च्या राज्यघटनेने वेगळी वाट धरली: प्रत्येक पदाचं पुल्लिंगी रूपही लिहायचं आणि स्त्रीलिंगीही.

स्पेनची शाही भाषा अकादमी याविरुद्ध ठाम उभी राहिली. तिचे सदस्य, भाषातज्ज्ञ इग्नासिओ बोस्के यांच्या २०१२ च्या अहवालाने विद्यापीठांच्या आणि कामगार संघटनांच्या भाषा-मार्गदर्शिकांवर कडक टीका केली. उपपंतप्रधान कार्मेन काल्वो यांनी २०१८ मध्ये राज्यघटनेची भाषा सर्वसमावेशक करण्याबद्दल अकादमीकडे विचारणा केली, तेव्हाही २०२० मध्ये उत्तर तेच आलं: पुल्लिंगात सगळे येतात. व्याकरण म्हणून हे खरंच आहे. पण १७१३ मध्ये स्थापन झालेल्या या अकादमीने पहिली स्त्री सदस्य, कवयित्री कार्मेन कोंदे, निवडली ती १९७८ मध्ये. 'सगळे' म्हणताना कोण डोळ्यांसमोर येतं, हा स्त्रियांचा प्रश्न मला म्हणूनच रास्त वाटतो.

'ए' रस्त्यावर आला तो अर्जेंटिनात. २०१८ मध्ये गर्भपाताच्या हक्कासाठी उतरलेल्या शाळकरी मुलींनी तो टीव्हीच्या कॅमेऱ्यांसमोर बिनदिक्कत वापरला. २०२२ मध्ये ब्युनोस आयर्स शहराने शिक्षकांना शाळेत तो वापरायला मनाई केली. फेब्रुवारी २०२४ मध्ये राष्ट्राध्यक्ष हाविएर मिलेई यांच्या सरकारने सर्व सरकारी कागदपत्रांतून 'ए', '@' आणि 'एक्स' काढायला सांगितले, आणि त्यांच्यासोबत 'अनावश्यक' स्त्रीलिंगी रूपंही.